कानउघाडणी

पिठाच्या डब्यामागच्या पाकिटात नव्वद युरो.
सप्टेंबरपासूनचे,
पहाटे दोनला उठून
राईच्या पावांचे साचे उपसण्याचे.
नव्वद म्हणजे नव्वद.
एक्क्याण्णवावा हीटरचा आहे.

तार्तूच्या स्टेशनामागे, तळघरात टार्वोचं दुकान.
सात पायऱ्या, सातही निसरड्या.
बुटांचा बर्फ झटकून आत शिरले
तर भिंतभर हेडफोन टांगलेले,
जणू डोकी तेवढी कुणी काढून नेली.

"किती आहेत?" त्यानं आधी तेच विचारलं.
बरं वाटलं.
मॉलमधली पोरं आवडनिवड विचारतात
आणि दोनशेचा डबा पुढे करतात.

पहिला जोड काळा, चकचकीत. चौऱ्याऐंशी.
कानाला लावला आणि ढोल थेट पोटात.
रोजचं गाणं एकदम श्रीमंत झालं,
वरून पाक ओतावा तसं.
मी पाकिटाला हात घातला.
"थांब," टार्वो म्हणाला,
"हे सगळ्यांशीच गोड बोलतात."

दुसरा जोड जड.
फोनवर लावला तर गाणं
रस्त्यापलीकडच्या घरातून आल्यासारखं.
"याला वेगळा अ‍ॅम्प लागतो. आणखी साठ."
ठेवून दिला.

मग त्यानं खालचा खण ओढला.
करडा, वापरलेला,
डाव्या कानाची गादी उसवलेली,
पाठीला नुसती जाळी.
"पाठ उघडी आहे. तुझं बाहेर जाईल,
बाहेरचं तुला ऐकू येईल.
ब्याऐंशी. गाद्या नव्या हव्या तर बारा."
ब्याऐंशी आणि बारा.
टार्वोलाही बेरीज येत होती. तो छताकडे बघत राहिला.

"तुला पाठ असलेलं काहीतरी लाव," म्हणाला.
माझ्या फोनमध्ये पाठ असं एकच:
सहा वर्षांपूर्वीचं, एल्वाच्या चर्चमधलं,
आम्ही चाळीस जणी, मी दुसऱ्या रांगेत.
शंभरदा ऐकलेलं. भांडी घासताना, फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर,
जिथं चाळीस जणी म्हणजे एकच किटली.

आता खुर्ची करकरली.
कुणीतरी पान उलटलं.
उजवीकडे खालच्या सुरातल्या बायका,
त्यांचे श्वास मोजता यावेत इतक्या जवळ.
आणि डावीकडे, हेल्गीच्या शेजारी, मी.
स्वतःचा आवाज लगेच ओळखू येतो,
चोरीच्या मालासारखा.

चढण आली. शेवटचा वरचा सूर.
तिथं मी नाहीये.

पुन्हा लावलं. नाहीये.
एक पायरी आधीच मी तोंड नुसतं उघडं ठेवलंय
आणि हेल्गीनं घाईनं अर्धा श्वास घेऊन
दोघींचा सूर एकटीनं उचललाय.
शेवटी तो किंचित थरथरतो.
ओझ्यानं थरथरावा तसा.

परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली होती:
"मारिका, वर गेलं की तू आम्हाला सोडतेस."
मी सगळ्यांदेखत तिला खोटारडी म्हटलं.
त्यानंतर कोण काय सांगेल ते ऐकत गेले तिच्याविषयी,
हलक्या कानाची मी,
आणि मंडळच सोडलं.

"कसे वाटले?" टार्वोनं विचारलं.
"तोंडावर बोलणारे."
तो हसला नाही. दोन युरो कमी केले.
गाद्यांचं मार्चमध्ये बघू,
उसवलेली आहे तिथं मी टाका घालीन.

वर आले. अंधार पडला होता, चारच वाजले होते.
थांब्यावर माझी बस आली, दार उघडलं,
मी चढले नाही, ती गेली.
हेल्गीच्या बाजूला जाणारी दोन नंबर
अजून अकरा मिनिटांनी होती.
वायर खिशात गुंडाळलेली.
काहीच न लावता उभी राहिले,
उघड्या कानांनी, थंडीत,
आणि काय म्हणायचं ते ठरवू लागले.
पहिलं वाक्य नाही जमलं.
दुसरंही.
हाताला अजून राईचा वास येत होता.